डॉ. लुडविग गुटमन यांचे अल्पचरित्र

आमच्या वाचकांपैकी असा कोणी क्वचितच असेल, की ज्याने आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात कंबर मोडून अंथरुणास खिळलेला मनुष्य पाहिला नाही. कोणी आंबे उतरविताना फांदीवरून पडतो, कोणी विहिरीच्या खोदकामात दरडीखाली सापडतो, कोणाची गाडी उतारावर उलटते. मनुष्य वाचतो, शुद्धीवर येतो, बोलतो. परंतु त्याचे पाय हलत नाहीत, व पायास चिमटा घेतला तरी त्यास कळत नाही. मग चार शहाणे दाराशी बसून माना हलवितात, आणि आता याचे काही होणे नाही, असा निकाल देऊन आपापल्या घरी जातात. घरची मंडळी तो निकाल मान्य करितात, त्या मनुष्यास पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर निजवितात, आणि शेवट केव्हा येतो याची वाट पाहू लागतात.

हा निकाल केवळ आपल्या खेड्यांतच दिला जात असे, असे मात्र कोणी समजू नये. सन १९४० च्या सुमारापर्यंत युरोपातील नामांकित इस्पितळांतील विद्वान डॉक्टरही तोच निकाल देत असत. पहिल्या महायुद्धात ज्या शिपायांचा पाठीचा कणा गोळीने अथवा तोफगोळ्याने दुखावला, त्यांतील बहुतेक थोड्याच काळात मरण पावले. तो निकाल चुकीचा आहे, किंबहुना तो निकालच पुष्कळांस मारीत होता, हे ज्यांनी स्वतःच्या श्रमाने सिद्ध केले, त्या डॉ. लुडविग गुटमन यांचे चरित्र आज आमच्या वाचकांस सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गुटमन यांचा जन्म ता. ३ जुलै १८९९ रोजी टोस्ट नामक लहानशा गावी एका यहूदी कुटुंबात झाला. तो मुलूख त्या वेळी जर्मनीत होता. हल्ली तो पोलंड देशात मोडतो. पुढे हे कुटुंब जवळच्या क्योनिग्सह्यूटे शहरी राहावयास गेले. त्या भागात कोळशाच्या खाणी पुष्कळ असल्यामुळे खाणीत जखमी झालेल्या मजुरांसाठी तेथे एक इस्पितळ होते. सन १९१७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गुटमन तेथे वॉर्डात सेवकाचे काम करू लागले.

एके दिवशी पाठीचा कणा मोडलेला एक खाणमजूर तेथे आणण्यात आला. शरीराने तो धट्टाकट्टा व वयाने तरुण होता. गुटमन त्याची हकीगत टिपून घेऊ लागले, तेव्हा वडील डॉक्टरांनी त्यांस सांगितले, की हा श्रम व्यर्थ आहे, कारण हा मनुष्य थोड्याच आठवड्यांत मरणार. त्याच्या खाटेभोवती पडदे लावून त्यास इतरांच्या दृष्टीआड ठेवण्यात आले. आणि सुमारे पाच आठवड्यांनी तो खरोखरच मेला. लोकांस वाटले, की डॉक्टरांचे भाकीत खरे ठरले. परंतु त्या तरुण सेवकाच्या मनातून तो मजूर कधीच गेला नाही.

तो मनुष्य कशाने मेला, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढील सर्व हकीगतीची किल्ली त्यात आहे. आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंचा एक दोर खाली जातो; त्यास मज्जारज्जू म्हणतात. हलण्याची आज्ञा मेंदूपासून पायांकडे ह्याच दोराने जाते, आणि दुखल्याखुपल्याचा निरोप ह्याच दोराने मेंदूकडे येतो. दोर तुटला म्हणजे दोन्ही निरोप बंद पडतात. परंतु केवळ तेवढ्याने मनुष्य सहसा मरत नाही. निरोगी मनुष्य झोपेतही कूस बदलतो, कारण एका अंगाचा भार त्यास टोचतो. मज्जारज्जू तुटलेल्यास भार टोचत नाही, व हलताही येत नाही. म्हणून माकडहाड, नितंब व टाचा ह्यांवरील कातडीचे रक्त दाबाने अडते, कातडी मरते, क्षत पडते, ते हाडापर्यंत जाते, आणि त्याचे विष सर्व अंगात भिनते. दुसरे असे, की त्यास लघवीची जाणीव होत नाही; मूत्राशय तुंबतो, लघवी नासते, आणि तो रोग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. खाणमजुरास मारणारे शत्रू हे दोन होते. मोडलेला कणा हे केवळ निमित्त.

गुटमन यांनी ब्रेस्लाऊ व फ्रायबुर्ग येथे वैद्यकीचा अभ्यास करून सन १९२४ मध्ये पदवी घेतली. पुढे ब्रेस्लाऊ येथे मज्जातंतूंच्या रोगांचे जगप्रसिद्ध शस्त्रवैद्य ओटफ्रिड फोर्स्टर ह्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. फोर्स्टर हे गुरू कडक होते. शिष्यास दिवसरात्र राबवीत. गुटमन यांचा त्या काळचा एक शोध ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ओलावा लागताच रंग बदलणारी एक पूड रोग्याच्या अंगावर भुरभुरून घाम कोठे येतो व कोठे येत नाही हे ते पाहत, आणि त्यावरून कोणता मज्जातंतू कामातून गेला आहे हे ठरवीत. अशा रीतीने त्यांची कीर्ती वाढू लागली.

इतक्यात सन १९३३ मध्ये हिटलरचे राज्य आले, आणि यहूदी डॉक्टरांस सरकारी इस्पितळांतून काढून टाकण्याचा कायदा झाला. गुटमन यांचीही जागा गेली. ते ब्रेस्लाऊच्या यहूदी इस्पितळात गेले, व सन १९३७ मध्ये तेथील मुख्य झाले. ता. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री सर्व जर्मनीत यहूद्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, आणि हजारो पुरुष पकडून नेण्यात आले. त्या रात्री गुटमन यांनी आपल्या इस्पितळात हुकूम दिला, की जो कोणी दारी येईल त्यास काही न विचारता आत घ्यावे. चौसष्ट माणसे आत घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलिसांचे अधिकारी जाब विचारण्यास आले, तेव्हा गुटमन त्यांस खाटेखाटेपाशी घेऊन फिरले, व प्रत्येक मनुष्य कोणत्या रोगाने पडून आहे हे गंभीरपणे सांगत गेले. त्यांतील साठ माणसे त्या दिवशी तुरुंगाच्या छावणीपासून वाचली. हे करिताना आपलाही जीव आपण पणास लावीत आहो, हे ते पुरते जाणून होते.

मग मात्र तेथे राहणे अशक्य झाले. परदेशांतून परागंदा होणाऱ्या विद्वानांस साह्य करणारी एक संस्था इंग्लंडात होती. तिच्या मदतीने गुटमन आपली पत्नी एल्से व दोन लहान मुले ह्यांस घेऊन मार्च १९३९ मध्ये इंग्लंडास पोहोचले. वय चाळिशीला आलेले, भाषा परकी, आणि स्वदेशात मिळविलेले सर्व मागे राहिलेले. ऑक्सफर्ड येथे त्यांस मज्जातंतूंच्या जखमांवर संशोधन करण्याचे काम मिळाले. परंतु स्वतःच्या जबाबदारीवर रोग्यांस बरे करण्याचा जो त्यांचा खरा धंदा, तो हाती नव्हता. चार वर्षे त्यांनी अशीच काढिली.

सन १९४३ मध्ये इंग्रज सरकारने युरोपात मोठी चढाई करण्याची तयारी चालविली. तीत पुष्कळ शिपायांचे कणे मोडतील हे उघड होते, म्हणून अशा दुखाइतांसाठी एक स्वतंत्र वॉर्ड काढण्याचे ठरले, आणि त्याचे मुख्यपद गुटमन यांस देऊ करण्यात आले. ज्या रोग्यांस कोणी हात लावू इच्छीत नाही त्यांचे काम पत्करू नये, असे त्यांच्या काही सोबत्यांस वाटत होते. गुटमन यांनी ते पत्करिले. मात्र एक अट घातली, की उपचार आपल्या पद्धतीने करण्याची मोकळीक असावी व त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. अट मान्य झाली, आणि ता. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येस एल्सबरी गावाजवळ स्टोक मँडेव्हिल इस्पितळाच्या साध्या बराकीत ते काम सुरू झाले.

दुखाईत येऊ लागले ते बहुधा अंगाभोवती प्लास्टरचे कवच घातलेले. कवच फोडले म्हणजे आत खोल क्षते दिसत, व दुर्गंधी सुटे. गुटमन यांनी प्लास्टर बंद केले, आणि एक नियम घातला: प्रत्येक रोग्यास दर दोन तासांनी, दिवसा तसेच रात्री, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळविलेच पाहिजे. ह्यासाठी माणसांच्या तुकड्या नेमिल्या. नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः अपरात्री वॉर्डात येऊन उभे राहत. मूत्राशय रिकामा करण्यासाठी ठरावीक वेळी निर्जंतुक केलेली नळी आत घालून लगेच काढून घ्यावी, नळीस हाताचा स्पर्शही होऊ देऊ नये, असा त्यांचा दंडक होता. आणि आरंभी हे काम डॉक्टरांनीच करावे असा त्यांचा आग्रह असे, कारण ते हलके काम नव्हे, तर प्राण वाचविणारे काम आहे, असे ते मानीत. पेनिसिलिन हे औषधही त्याच सुमारास मिळू लागले, व त्याचे साह्य झाले हे खरे; परंतु ज्यास कोणी वळवीत नाही, त्याची क्षते औषधानेही भरून येत नाहीत.

पाहा, ह्यात कोणती मोठी विद्या होती? वळविणे, पुसणे, पाहणे, पुन्हा वळविणे. हे कोणासही करता आले असते. परंतु रोगी मरणारच असे एकदा ठरल्यावर त्यासाठी रात्री दोन वाजता कोण उठेल? न उठल्याने तो मरे, आणि मेला म्हणजे आपण म्हणत होतो तेच खरे, असे लोक म्हणत. हे दुष्ट चक्र गुटमन यांनी मोडले. तेथे माणसे जगू लागली, आणि घरी जाऊ लागली.

वॉर्डातील कामाबरोबर त्यांचे संशोधनही चालूच होते. सन १९४७ मध्ये त्यांनी व व्हिट्रिज नामक शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जू तुटलेल्या मनुष्याचा मूत्राशय फुगला, तर त्यास तेथे काही जाणवत नाही. परंतु त्याचा रक्तदाब एकाएकी फार चढतो, डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो व घाम सुटतो. मूत्राशय रिकामा करिताच हे सर्व उतरते. वेळीच न ओळखल्यास ह्याने प्राणही जातो. पुढे सन १९६६ मध्ये फ्रँकेल ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ४७६ रोग्यांची हकीगत छापून, ठरावीक वेळी नळी घालण्याच्या पद्धतीने मूत्रपिंडे कशी वाचतात हे दाखविले.

परंतु मनुष्य केवळ जगला म्हणजे झाले, असे गुटमन मानीत नसत. जिवंत राहून कोपऱ्यात पडावे, हे त्यांस मरणाहून फारसे बरे वाटत नसे. त्यांनी इस्पितळात सुतारकीचा कारखाना काढिला, घड्याळे दुरुस्त करण्याचे काम शिकविले, व टंकलेखन शिकविले, हेतू हा की घरी जाताना रोग्याच्या हाती पोटाचा धंदा असावा. पाय गेले तर हात, खांदे व छाती दुप्पट बळकट केली पाहिजेत, म्हणून त्यांनी खेळही सुरू केले. प्रथम चाकांच्या खुर्च्यांत बसून, हातांत काठ्या घेऊन, चेंडूफळीसारखा एक खेळ झाला. तो फार दांडगाईचा ठरल्यामुळे पुढे दुसरे खेळ आणिले. त्यांत धनुर्विद्या त्यांस विशेष आवडे, कारण बाण मारण्यात खुर्चीत बसलेला मनुष्य चालत्या मनुष्याची बरोबरी करू शकतो.

ता. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांस मोठ्या थाटाने आरंभ झाला. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा पंगू माणसे, चौदा पुरुष व दोन स्त्रिया, धनुष्यबाण घेऊन बसली होती. एक संघ ह्या इस्पितळाचा व दुसरा रिचमंड येथील पंगू सैनिकांच्या आश्रमाचा. आश्रमवाल्यांनी सामना जिंकिला. सामना लहान होता, पण गुटमन यांची दृष्टी दूरवर होती. एक दिवस असे खेळ सर्व जगाचे होतील, अशी आशा ते बोलून दाखवीत. सन १९५२ मध्ये हॉलंडचा संघ आला. सन १९६० मध्ये रोम शहरी ऑलिंपिक सामने संपल्यावर तेथेच तेवीस देशांचे सुमारे चारशे पंगू खेळाडू जमले. हल्ली पॅरालिंपिक नावाने जे सामने ऑलिंपिकपाठोपाठ भरतात, त्यांचा उगम हा असा आहे.

गुटमन यांच्या अंगी दोष नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. ते हट्टी व तापट होते, हाताखालच्या माणसांस कठोर शब्द बोलत, आणि आपलेच म्हणणे चालावे असा त्यांचा आग्रह असे. रडत बसणाऱ्या रोग्याशीही ते गोड बोलत नसत. तरी तेच रोगी त्यांस प्रेमाने बाबा म्हणत. कारण जो मनुष्य आपल्यावर रागावतो, तो आपल्याकडून काही अपेक्षा करितो, हे त्यांस कळून चुकले होते. बाकीचे जग त्यांच्याकडून काहीच अपेक्षा करीत नव्हते.

सन १९६१ मध्ये गुटमन यांनी अशा रोग्यांची सेवा करणाऱ्या सर्व देशांच्या डॉक्टरांची एक संस्था स्थापिली. सन १९६६ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्यांस सर ही पदवी दिली. सन १९७३ मध्ये त्यांनी आपल्या साऱ्या अनुभवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि सन १९७६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. ज्यास जन्मभूमीने हाकलून दिले, त्यास परक्या देशाने असा मान दिला. ता. १८ मार्च १९८० रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले.

ह्या कार्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथील शिपाई मुरलीकांत पेटकर हे सन १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. सन १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग शहरी भरलेल्या ह्याच सामन्यांत त्यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमध्ये भारतास मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. गुटमन यांस ज्या देशातून पळावे लागले, त्याच देशात हे घडले. सन १९७४ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. आणि वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. मेरी वर्गीज ह्या बाई सन १९५४ च्या मोटार अपघातात स्वतःच कमरेखाली लुळ्या झाल्या असता, चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या, आणि पुढे तेथील पुनर्वसनाच्या कार्याच्या प्रमुख झाल्या, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गुटमन यांनी तुटलेला मज्जारज्जू जोडिला नाही, आणि पुरता तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडून देणारा उपाय अद्याप कोणासही सापडलेला नाही. म्हणून जो कोणी तेल, मुळी, किंवा गंडा देऊन पाय चालते करून देतो म्हणेल, त्याच्या हाती बैल विकून पैसे देऊ नयेत. तो पैसा चाकांच्या खुर्चीस व मऊ गादीस लावावा.

आमच्या उपदेशक बंधूंस ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. कोणी उंचावरून पडला व त्याची पाठ किंवा मान दुखत असेल, तर त्यास बसवू नये, दोन हात दोन पाय धरून झोळीसारखा उचलू नये. चारपाच जणांनी त्याचे डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून त्यास फळीवर किंवा दाराच्या पल्ल्यावर घ्यावे, व तसेच इस्पितळात न्यावे. घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस वळवावी, आणि सकाळ-संध्याकाळ त्याची सर्व पाठ, नितंब व टाचा उजेडात पाहाव्या. कातडी लाल दिसली तर त्या अंगावर भार देऊ नये. पाय गार लागतात म्हणून तापविलेली वीट अथवा शेगडी जवळ ठेवू नये. त्यास चटका कळत नाही, आणि मांस भाजून निघते. नळी घालण्याची रीत इस्पितळातच शिकून घ्यावी. आणि ज्याची जखम वरच्या भागात आहे, त्याचे डोके एकाएकी ठणकून घाम सुटला, तर त्यास उठवून बसवावे, लघवी तुंबली आहे काय ते पाहावे, व विलंब न करता डॉक्टरकडे न्यावे.

ह्याहून मोठी गोष्ट ही, की त्यास काम द्यावे. बसून दोर वळता येतो, टोपली विणता येते, शिवणयंत्र हाताने चालविता येते, मुलांस अक्षरे शिकविता येतात, मंडळीचा हिशेब लिहिता येतो. पुढच्या खेपेस गावात फेरी कराल, तेव्हा पडवीच्या कोपऱ्यातील त्या घोंगडीपाशी थांबा, त्याच्याशी बोला, आणि घरच्यांस विचारा, की आज ह्यास किती वेळा वळविले. क्योनिग्सह्यूटेच्या त्या खाणमजुरास हे कोणीच विचारले नाही. अठरा वर्षांच्या एका सेवकास मात्र तो विसरता आला नाही, आणि तेवढ्यावरून पुढे हजारोंचे प्राण वाचले.